व्यासपीठ आणि प्रश्नकर्ता

दिवेलागणीच्या वेळीं पूर्वीं घराघरांतून परवचा ऐकूं येत असे. आतां त्याच वेळीं दूरचित्रवाणीवर राजकीय वादविवादाचें सत्र चालू झालेलें असतें. पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येक चौकटींत एक गृहस्थ, आणि सारे एकाच वेळीं बोलत असलेले, हें दृश्य आमच्या वाचकांस परिचयाचें आहे. अशा वेळीं त्यांतील एखादा वक्ता एका संबंध समाजाविषयीं असें कांहीं बोलून जातो कीं, घरांतील वडील मंडळी मुलांकडे एकवार पाहून यंत्र बंद करतात. मग पानावर बसल्यावर वाद सुरू होतो. एक म्हणतो, "असल्या माणसांस बोलावतातच कशाला ?" दुसरा म्हणतो, "बोलूं दिलें नाहीं, तर तो काय आहे हें लोकांस कळणार कसें ?" दोघांचेंहि म्हणणें प्रामाणिक असतें, आणि ताक-भात संपला तरी वाद संपत नाहीं.

हा वाद दूरचित्रवाणीबरोबर जन्मास आला असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तो तिच्याहून जुना आहे. आणि त्याचा एक फार मोलाचा, पण रक्तानें भिजलेला धडा आमच्याच मराठवाड्यांत गिरविला गेला आहे. दूरदेशींच्या उदाहरणांकडे वळण्यापूर्वीं तो धडा पुन्हा एकदां वाचावा, एवढाच या लेखाचा हेतु.

जालना शहराच्या उत्तरेस, भोकरदन तालुक्यांत हसनाबाद नांवाचें गांव आहे. १९८१ सालीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वीं हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैद्राबाद संस्थानाचा एक भाग होता. या तालुक्याला लागूनच बुलढाण्याचा प्रदेश. कागदोपत्रीं वऱ्हाडावरहि निजामाचें स्वामित्व होतें. परंतु कारभार मात्र इंग्रजांचा. म्हणजे हसनाबादच्या शेतकऱ्यानें बैलगाडी उत्तरेकडे हांकली, तर एका दिवसांत तो अशा मुलखांत पोंचे कीं जेथें वर्तमानपत्रें निघत, सभा भरत आणि सरकारवर टीकाहि होई. इंग्रजी अंमलांतील तें स्वातंत्र्य कांहीं फार थोर होतें असें नव्हे. परंतु हसनाबादेंत तेवढेंहि नव्हतें.

निजामाच्या राज्यांत 'गश्ती निशान ५३' या नांवानें कुप्रसिद्ध झालेलें एक सरकारी परिपत्रक होतें. कोणतीहि जाहीर सभा भरवावयाची, तर आधीं सरकारची परवानगी घ्यावी, असा त्याचा आशय. सभा कोण भरविणार, तेथें काय बोललें जाणार, यावर अंमलदारांची नजर असे. १९३७ सालीं परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. परतूर आज हसनाबादच्याच जिल्ह्यांत आहे. तेथील मागण्या आज वाचल्या तर त्यांत राजद्रोहाचा वासहि सांपडणार नाहीं. नागरिक स्वातंत्र्य, शिक्षण, मातृभाषा, जबाबदार राज्यपद्धति यांपलीकडे कोणी जात नव्हतें. तरीहि पुढच्याच वर्षीं, १९३८ च्या सप्टेंबरांत, स्टेट काँग्रेस ही संस्था नीट स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली. नानलांनीं व त्यांच्यामागून शेंकडों लोकांनीं सत्याग्रह करून तुरुंग पत्करला. बंदी उठली ती १९४६ सालीं. त्याच काळांत 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतून व औरंगाबादेहून विद्यार्थी घालविले गेले. त्यांपैकीं अनेकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी पडली, तेव्हां त्यांनीं तें नांवें बदलबदलून चालविलें. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या संन्याशासहि वारंवार तुरुंगाची वाट धरावी लागली.

ही झाली एक बाजू. आतां दुसरी पाहूं.

१९२७ सालीं हैद्राबादेंत मजलिस-ए-इत्तेहाद-उल-मुसलमीन ही संस्था निघाली. नबाब बहादूर यार जंग यांच्यासारखा असामान्य वक्ता तिला लाभला. संस्थानांतील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा धनी होय, निजाम हा त्या सत्तेचें केवळ प्रतीक होय, अशी त्या संस्थेची शिकवण होती. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें संस्थानची लोकसंख्या सुमारें १ कोटी ६३ लक्ष होती आणि तींत मुसलमान आठांत एक इतकेच होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या शिकवणीचा अर्थ स्पष्ट होतो. बहादूर यार जंग १९४४ सालीं वारले. १९४६ मध्यें संस्थेचीं सूत्रें लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हातीं गेलीं, आणि स्वयंसेवक म्हणविणारे रझाकार हे शस्त्रधारी पथक बनले.

राजकारणांतील 'उजवा' आणि 'डावा' हे शब्द फ्रान्सांतून आले. १७८९ सालच्या तेथील सभेंत राजसत्तेचे कैवारी अध्यक्षाच्या उजव्या हातास बसत, त्यावरून ते रूढ झाले. आमच्या जुन्या भाषेंत त्यांस प्रतिशब्द नाहीं. परंतु एका समाजाचें जन्मजात प्रभुत्व, इतरांचा तिरस्कार, गणवेशधारी तरुणांच्या तुकड्या आणि एका पुढाऱ्याचा शब्द हा कायदा, इतकीं लक्षणें एकत्र आलीं म्हणजे युरोपांत ज्यास अति-उजवें राजकारण म्हणतात तें हेंच, याविषयीं शंका नको. हें रूप कोणा एका धर्माची मक्तेदारी नव्हे, हेंहि येथेंच सांगून ठेवितों.

या दोन बाजूंचा विचार एकत्र केला म्हणजे आमच्या प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. परतूरच्या परिषदेसारख्या सौम्य सभेस परवानगीचे हेलपाटे. आणि रझवीस मात्र व्यासपीठ, झेंडे, मिरवणुका, सारें मोकळें. संस्थानाची नभोवाणीहि होती. 'डेक्कन रेडिओ' या नांवानें हैद्राबाद आणि औरंगाबाद येथें तिचीं केंद्रें चालत. ती पुढें १९५० सालीं आकाशवाणींत विलीन झाली. तिच्यावरून जें ऐकूं येई तें सरकारास ऐकवावयाचें असे तेंच. हसनाबादसारख्या गांवीं यंत्रें तरी कितीशीं असणार ? परंतु शहरांत जें वाऱ्यावर जाई, तें बाजाराच्या दिवशीं माणसांच्या तोंडीं खेड्यांत येई; आणि तें खरें कीं खोटें हें विचारण्याची सोय कोठेंच नव्हती.

व्यासपीठाची ही शक्ति किती जाते हें १९४७ च्या ऑक्टोबरांत दिसून आलें. हिंदुस्थान सरकारशीं 'जैसे थे' करार करावयाचा असें ठरून छत्रीचे नबाब, सर वॉल्टर मॉन्क्टन व सर सुलतान अहमद यांचें शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचें होतें. २७ ऑक्टोबरच्या पहांटे इत्तेहादच्या हजारों लोकांच्या जमावानें या मंडळींचीं घरें वेढलीं. शिष्टमंडळाचें प्रयाण राहिलें, छत्रीच्या नबाबांनीं राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत मीर लायक अली मुख्य प्रधान झाले. गंमत अशी कीं, अखेर २९ नोव्हेंबरला ज्या करारावर सही झाली तो पहिल्याहून फारसा निराळा नव्हता. फरक पडला तो इतकाच कीं, राज्याचें मत ठरविण्याची जागा दरबारांतून मैदानांत आली, आणि मैदानांत बोलण्याची मुभा एकालाच होती.

१९४८ च्या वसंतांत रझवीच्या भाषणांच्या बातम्या हिंदी वृत्तपत्रांत येऊं लागल्या. निजामाचा झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाचीं तीं भाषणें. त्यांपैकीं एका भाषणाचा हैद्राबादच्या बाजूनें साफ इन्कार करण्यांत आला. असें भाषण झालेंच नाहीं, असें लायक अलींचें म्हणणें. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. हजारों लोकांपुढें केलेलें भाषण झालें कीं नाहीं याविषयींच दोन मतें पडतात, तें कां ? कारण त्या सभेंत टांचण घेणारा निःपक्षपाती बातमीदार नव्हता, "आपण हें म्हणालांत ना? मग याचा अर्थ काय ?" असें तोंडावर विचारणारा कोणी नव्हता. ज्या व्यासपीठावर प्रश्नकर्ता नसतो, तेथें वक्त्यास दोन सोयी असतात. बोलतांना तो हवें तें बोलतो आणि अडचण येतांच बोललोंच नाहीं म्हणतो.

प्रश्न विचारणारा एक मनुष्य मात्र निघाला. तो स्वतः मुसलमान, वयानें तरुण, आणि उर्दू पत्रकार होता. शोएबुल्ला खान यांनीं आधीं मंदुमुल नरसिंगराव यांच्या 'रय्यत' पत्रांत काम केलें. तें बंद पडल्यावर त्यांनीं 'इमरोज' हें दैनिक चालविलें. रझाकारांच्या अत्याचारांविषयीं व संस्थानानें हिंदी संघराज्यांत सामील व्हावें याविषयीं ते निर्भयपणें लिहीत. १९४८ च्या ऑगस्टमध्यें सात मुसलमान गृहस्थांनीं रझाकार संघटना मोडावी असें पत्रक काढलें, तें 'इमरोज'नें छापलें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २१ ऑगस्टच्या रात्रीं कचेरींतून घरीं परततांना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या आणि त्यांचा लेखणी धरणारा हात तोडण्यांत आला. सोबत असलेले त्यांचे मेहुणेहि जबर जखमी झाले. २२ ऑगस्टच्या पहांटे शोएबुल्लांचा अंत झाला. पुढें या खुनाच्या खटल्यांत रझवी वरिष्ठ न्यायालयांत सुटला, हेंहि न्यायासाठीं नमूद केलें पाहिजे. त्यास शिक्षा झाली ती बीबीनगरच्या प्रकरणांत. परंतु खून कोणाच्या आज्ञेनें झाला याहून आमच्या विषयाशीं अधिक जवळची गोष्ट ही कीं, त्या राज्यांत प्रश्न विचारणारा हात शाबूत राहूं शकला नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य हद्दींत शिरलें. दोनतीन दिवसांत औरंगाबाद व जालना हातीं आलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शस्त्रें खालीं ठेवल्याचें नभोवाणीवरून जाहीर केलें. पुढें २३ सप्टेंबरच्या भाषणांत त्यानें सांगितलें कीं, रझवीच्या टोळीनें हिटलरी पद्धतीनें राज्य बळकाविलें आणि आपणांस असहाय्य करून सोडलें. ज्या राजानें वर्षानुवर्षें एकाच पक्षास मैदान मोकळें सोडलें, त्यानें अखेर असें म्हणावें, यांत दैवाची थट्टा आहे. पण एक सत्यहि आहे. एकतर्फी व्यासपीठ ज्याच्या सोयीसाठीं उभें केलेलें असतें, त्यासहि तें शेवटीं आपल्या ताब्यांत ठेवतां येत नाहीं.

येथें हा इतिहास संपला असता, तर आमचें मन हलकें झालें असतें. परंतु तो संपत नाहीं. पोलिस कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानांतील मुसलमान वस्तीवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनीं केली. एकंदर मृतांचा अंदाज त्यांनीं २७ ते ४० हजार असा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड येथें सर्वांत अधिक हानि झाली. आणि त्यांच्या खालोखाल त्यांनीं जे जिल्हे सांगितले, त्यांत औरंगाबादचें, म्हणजे ज्यांत त्या वेळीं हसनाबाद मोडत होतें त्या जिल्ह्याचें, नांव आहे. मारले गेलेल्यांपैकीं बहुतेकांनीं रझवीचें भाषण कधीं ऐकलेंहि नसेल. परंतु तो त्यांच्या नांवानें बोलत होता. त्यांच्यापैकीं ज्यास विरोधीं बोलावयाचें होतें त्याचें तोंड बंद केलें गेलें होतें. म्हणून शेजाऱ्यांच्या मनांत सारा समाज त्या एका आवाजाशीं एकरूप झाला. अतिरेकी वक्त्याच्या व्यासपीठाची किंमत त्याच्या शत्रूंनीं तर दिलीच, पण ज्यांचा तो कैवारी म्हणवीत होता त्यांनींहि दिली. आणि सुंदरलाल समितीचा अहवाल ? तो कित्येक दशकें सरकारी दप्तरांत झांकून राहिला. स्वतंत्र हिंदुस्थानानेंहि एका बाजूचें दुःख व्यासपीठावर येऊं दिलें नाहीं, हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच वाटतां कामा नये. दरसाल १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतों, तो योग्यच आहे. पण हेंहि त्या दिवशीं आठवावें.

आतां परदेशाकडे वळूं. फ्रान्समध्यें १३ फेब्रुवारी १९८४ रोजीं झां-मारी ले पेन यांस एका मोठ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत प्रथमच बोलावणें झालें. पत्रकारांनीं त्यांस प्रश्न विचारले. तरीहि चार महिन्यांनीं झालेल्या युरोपीय निवडणुकींत त्यांच्या पक्षास सुमारें ११ टक्के मतें पडलीं. १८ वर्षांनंतर ते अध्यक्षपदाच्या अंतिम फेरींत पोंचले, तेव्हां झाक शिराक यांनीं त्यांच्याशीं दूरचित्रवाणीवर वाद घालण्याचें नाकारलें, आणि ८२ टक्के मतें मिळवून ते निवडून आले. इंग्लंडांत विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनें १९७४ पासूनच असल्या वक्त्यांस व्यासपीठ न देण्याचा ठराव केलेला होता. उलट २२ ऑक्टोबर २००९ रोजीं बीबीसीनें निक ग्रिफिन यांस आपल्या वादसभेंत बोलावलें; सुमारें ८० लक्ष लोकांनीं तो कार्यक्रम पाहिला. बंदी घालावयाची तर ती संसदेनें घालावी, प्रक्षेपण संस्थेनें नव्हे, असें बीबीसीच्या प्रमुखांचें म्हणणें होतें. पुढील वर्षीं ग्रिफिन पार्लमेंटच्या निवडणुकींत पडले. म्हणजे एकाच्या बाबतींत पडदा शिडी ठरला, दुसऱ्याच्या बाबतींत ती वर घेऊन गेली नाहीं. प्रश्न विचारले कीं विष हटकून उतरतें, असें मानणें भाबडेपणाचें होईल.

मग हैद्राबादचा धडा तो कोणता ? आमच्या समजुतीप्रमाणें असा : "यास बोलूं द्यावें कीं नाहीं" हा प्रश्न अपुरा आहे. "हा बोलतांना समोर कोण बसलेलें आहे ?" हा खरा प्रश्न. व्यासपीठें दोन प्रकारचीं असतात. एक हारतुऱ्यांचें, जेथें वक्ता बोलतो आणि श्रोते टाळ्या वाजवितात. दुसरें कोर्टाच्या पिंजऱ्यासारखें, जेथें प्रत्येक विधानाची उलटतपासणी होते. रझवीस पहिलें भरपूर मिळालें, दुसरें कधींच मिळालें नाहीं. शोएबुल्लांनीं तें उभारूं पाहिलें आणि ते प्राणास मुकले.

या कसोटीवर आजचे सायंकाळचे कार्यक्रम घांसून पाहावे. आठ माणसें एकदम ओरडत असतां प्रश्न ऐकूंच येत नाहीं. मग उत्तर टाळण्याचे कष्टहि वक्त्यास पडत नाहींत. निवेदक स्वतःच एका बाजूस झुकलेला असेल, तर तो प्रश्नकर्ता नसून सूत्रधार होतो. ज्या समाजाची निंदा चालली आहे त्याचा प्रतिनिधि म्हणून मुद्दाम दुबळा किंवा तितकाच माथेफिरू माणूस बसविला, कीं समतोलाचें सोंग पुरें होतें. दिसावयास हा पिंजरा, पण वस्तुतः तें हारतुऱ्यांचेंच व्यासपीठ होय. २०२२ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें द्वेषमूलक भाषणांच्या प्रकरणीं निवेदकाच्या जबाबदारीवर बोट ठेवलें. त्यापुढच्या महिन्यांत दिल्ली, उत्तर प्रदेश व उत्तराखंड येथील पोलिसांनीं तक्रारीची वाट न पाहतां अशा भाषणांवर कारवाई करावी असा हुकूम दिला, आणि २०२३ च्या एप्रिलांत तो सर्व राज्यांस लागू केला. जेथें शब्द हा हिंसेचा हुकूम होतो, तेथें प्रश्न व्यासपीठाचा राहत नाहीं, कायद्याचा होतो. परंतु त्या सीमेच्या अलीकडे जो विस्तीर्ण प्रदेश आहे, तेथें न्यायालय पुरें पडणार नाहीं. तेथें निवेदकाचा अभ्यास, संपादकाची शरम आणि पाहणाऱ्याची विवेकबुद्धि हींच कामास येणार.

आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, हें सारें निवेदकांस सांगावें; घरीं बसलेल्या कुटुंबानें काय करावें ? त्यास आमचें उत्तर साधें आहे. यंत्र बंद करणें सोपें आहे, आणि कधीं कधीं योग्यहि. पण मुलांनीं तें वाक्य ऐकलेलें असतें. तेव्हां शोएबुल्लांनीं जें छापखान्यांत केलें, तें आपण निदान ओसरीवर करावें : हें खरें आहे काय, कोण सांगतो, ज्यांच्याविषयीं बोललें गेलें ते काय म्हणतात, असें मुलांदेखत विचारावें. हसनाबादच्या चावडीवर ऐंशी वर्षांपूर्वीं असें विचारण्यास परवानगी लागत होती. आज लागत नाहीं. ती मुभा मिळविण्यासाठीं माणसें तुरुंगांत गेलीं, एकाचा हात तुटला, आणि ज्यांचा कांहीं दोष नव्हता अशीं हजारों माणसें मेलीं. तेव्हां उद्यां दिवेलागणीस पडद्यावरचा कल्लोळ चालू झाला, म्हणजे त्यांत प्रश्न विचारणारा कोण आहे हें आधीं पाहावें. आणि कोणीच नसेल, तर तें काम आपल्याकडे आलें असें समजावें.